‘नाही’ कसे सांगावे: तीन सार्वजनिक डीएनएस सेवांचे परीक्षण

घरातील संगणकांवरच्या फायलींची प्रत ठेवण्यासाठी मी राउटरला एक डिस्क जोडलेली आहे आणि तिला ‘कोठार’ असे नाव दिलेले आहे. लॅपटॉपवरील बॅकअपचा प्रोग्रॅम रोज रात्री हे नाव पुकारतो, राउटर त्या नावाचा पत्ता सांगतो आणि काम सुरू होते. काही महिन्यांपूर्वी हा प्रोग्रॅम ‘जोडणी नाकारली’ अशी तक्रार करू लागला. कोणीतरी नाकारते आहे, त्याअर्थी पलीकडे कोणीतरी आहे, असे समजून मी डिस्कवरील परवानग्या तपासल्या, खाते पुसून नव्याने तयार केले आणि दोन संध्याकाळी वाया घालवल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की डिस्कची वीजजोडणीच सैल झालेली होती. डिस्क बंदच होती. मग नकार देत कोण होते? डिस्क बंद पडल्यावर राउटरच्या यादीतून तिचे नाव गळले, त्यामुळे प्रश्न बाहेर, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या यंत्राकडे गेला. आणि त्या सर्व्हरने ‘असे नाव नाही’ असे सरळ सांगण्याऐवजी स्वतःच्या जाहिरातींच्या पानाचा आयपी पत्ता हातात ठेवला. माझा प्रोग्रॅम रोज रात्री एका जाहिरात-सर्व्हरचे दार वाजवत होता.

पुढील परीक्षण या अनुभवातून आलेले आहे आणि त्याची कसोटीही तिथूनच घेतलेली आहे. नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा ‘आहे’ किती झटपट सांगते, याची चर्चा सगळीकडे होते. मला ती ‘नाही’ कसे सांगते हे पाहायचे होते. त्यासाठी गूगलची ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ आणि क्वाड-नाइनची ९.९.९.९ या तीन विनामूल्य सेवा मी एकामागून एक काही आठवडे घरच्या राउटरवर लावून वापरल्या. (सेटिंगच्या रकान्यात हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत लिहायचे असतात.)

सेवेचे मोल ठरवण्याआधी ती नेमके काय करते हे थोडे विस्ताराने सांगावे लागेल. इंटरनेटवर माहितीची पाकिटे फिरतात ती नावांवर नव्हे, आकड्यांवर. १९८१ साली प्रमाणित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या आयपी पत्त्यात ३२ बिट असतात. ते आपण ० ते २५५ मधल्या चार आकड्यांच्या रूपात, मध्ये टिंब देऊन लिहितो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत आणि आकडे बदलतातही, म्हणून नावे आली. सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावे आणि त्यांचे पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. ही फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधील केंद्र सांभाळत असे आणि जाळ्यातील प्रत्येक जण तिची प्रत उतरवून घेत असे. यंत्रे वाढली, तशी ही एकच वही सगळ्यांना पुरेनाशी झाली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडलेल्या डीएनएसने ती वही फाडून तिची पाने जगभर वाटून टाकली, आणि कोणते पान कोणाकडे आहे हे विचारत जाण्याची पद्धत घालून दिली.

ही विचारणा नावाच्या उजव्या टोकाकडून सुरू होते. एखादे संकेतस्थळ ‘.ऑर्ग’ने संपत असेल, तर आधी मूळ सर्व्हरांना विचारले जाते की ‘.ऑर्ग’ कोण सांभाळते. तिथून मिळालेल्या सर्व्हरांना विचारले जाते की त्याच्या डावीकडचे नाव कोणाच्या ताब्यात आहे. आणि शेवटी त्या नावाच्या स्वतःच्या सर्व्हरकडून पत्ता मिळतो. मूळ सर्व्हरांची ‘ए’पासून ‘एम’पर्यंत १३ नावे आहेत, ती १२ संस्था चालवतात आणि प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेली अनेक यंत्रे उभी असतात. ही सगळी पायपीट आपला फोन करत नाही. तो फक्त एका मध्यस्थाला विचारतो. या मध्यस्थाला रिझॉल्व्हर म्हणतात. तोच दारोदार फिरतो, उत्तर आणून देतो आणि ठरावीक मुदतीपर्यंत लक्षात ठेवतो. परीक्षण आहे ते या मध्यस्थाचे.

या मध्यस्थाने द्यावयाच्या उत्तरांत ‘नाही’ हे पूर्ण वाढलेले, मानाचे उत्तर आहे. त्याला एनएक्सडोमेन असे नाव आहे, आणि हे नकाराचे उत्तरही काही काळ लक्षात ठेवायचे असते, याचे नियम १९९८ सालच्या मानकात सविस्तर दिलेले आहेत. ‘नाही’च्या जागी ‘आहे’ घातले की काय होते, हे २००३ साली साऱ्या जगाने पाहिले. ‘.कॉम’ आणि ‘.नेट’ सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला अस्तित्वात नसलेल्या प्रत्येक नावासाठी स्वतःच्या शोधपानाचा पत्ता द्यायला सुरुवात केली. ब्राउझरमध्ये चुकीचे नाव टाइप करणाऱ्याला त्यात फारसे वावगे वाटले नसेल. परंतु पाठवणाऱ्याचे डोमेन खरोखर आहे का हे तपासून नको असलेली पत्रे अडवणाऱ्या यंत्रणा आंधळ्या झाल्या, कारण आता प्रत्येक खोटे डोमेन खरे ठरत होते. इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने कान उपटल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती सेवा थांबवली गेली. माझ्या बंद डिस्कची कथा हे त्याच प्रकाराचे घरगुती रूप होते.

तिन्ही सेवांना मी मुद्दाम निरर्थक नावे विचारली. ८.८.८.८ने प्रत्येक वेळी स्वच्छ ‘नाही’ म्हटले. १.१.१.१नेही तेच केले. ज्यांना केवळ खरे उत्तर हवे आहे, त्यात कोणाची ढवळाढवळ नको आहे, त्यांचे काम या दोन्हींपैकी कोणत्याही सेवेने भागेल, आणि एवढ्या एका गुणावर त्या मला आधीच्या सर्व्हरपेक्षा कितीतरी पटींनी सरस वाटल्या.

९.९.९.९चे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आणि म्हणूनच अधिक रंजक आहे. ही सेवा फसवणुकीची आणि घातक प्रोग्रॅम पसरवणारी नावे अडवते, आणि अडवताना ‘मी हे अडवले आहे’ असे न सांगता ‘असे नावच नाही’ असे उत्तर देते. शब्दशः पाहिले तर हे असत्यच आहे. ते वापरणाऱ्याच्या हिताचे असत्य आहे, सेवा स्वतः ते उघडपणे जाहीर करते, आणि एखादे नाव अडवलेले आहे का हे तपासण्याची सोयही तिच्या संकेतस्थळावर आहे. तरीही ब्राउझरसमोर बसलेल्या माणसाला खरे ‘नाही’ आणि अडवलेले ‘नाही’ यांतला फरक कळत नाही. क्लाउडफ्लेअरची घातक नावे अडवणारी वेगळी सेवा १.१.१.२ या पत्त्यावर आहे. ती अडवलेल्या नावासाठी ०.०.०.० हा कोठेच न नेणारा पत्ता परत करते, आणि ज्याला पाहता येते त्याला निदान एवढे कळते की येथे कोणीतरी हात घातला आहे. मला ही रीत अधिक सरळ वाटते. ज्यांना चाळणी मुळीच नको, त्यांच्यासाठी क्वाड-नाइनने ९.९.९.१० हा पत्ता ठेवलेला आहे, मात्र तो घेतल्यास उत्तरांवरील डीएनएसएसईसी स्वाक्षरीची पडताळणीही सुटते, हे ध्यानात ठेवावे. बाकीच्या सेवा ही पडताळणी करतात आणि वाटेत कोणी उत्तर बदलले असेल तर ते पुढे देत नाहीत.

चाळणी हातात असली की ती आपल्या सोयीने वापरू पाहणारेही येतात. २०२१ साली सोनी म्युझिकच्या जर्मन शाखेने हॅम्बुर्गच्या न्यायालयातून क्वाड-नाइनविरुद्ध आदेश मिळवला होता: स्वामित्वहक्कभंगाच्या आरोपावरून एका नावाचे उत्तर देणे बंद करा. वास्तविक त्या नावाशी रिझॉल्व्हरचा संबंध दिशादर्शक पाटीइतकाच. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या या संस्थेने ते प्रकरण शेवटपर्यंत लढवले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ड्रेस्डेनच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. गुणांकन करताना मी या चिकाटीला वजन दिले आहे, हे मान्य करते.

वेगाबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. तिन्ही सेवा मला पूर्वीच्या सर्व्हरपेक्षा मंद वाटल्या नाहीत, आणि एकमेकींतला फरक मोजण्याच्या साधनात दिसला तरी बोटांना जाणवला नाही. सेवा बदलल्याने इंटरनेट दुप्पट धावू लागते, असे जे सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवू नये. पत्ता मिळाल्यानंतरची वाहतूक तुमच्या जोडणीच्या वेगानेच होते. अपवाद एकच. मोठी चित्रफीत-संकेतस्थळे विचारणारा कोठे आहे हे पाहून त्याच्या जवळच्या यंत्राचा पत्ता देतात, पण त्यांना विचारणारा दिसतो तो रिझॉल्व्हर, तुम्ही नव्हे. गूगल यावर तोडगा म्हणून तुमच्या आयपी पत्त्याचा सुरुवातीचा भाग प्रश्नासोबत पुढे पाठवते. क्लाउडफ्लेअर गोपनीयतेच्या कारणास्तव तसे करत नाही. क्वाड-नाइनच्या नेहमीच्या पत्त्यावर ते होत नाही, ज्याला हवे त्याच्यासाठी ९.९.९.११ आहे. म्हणजे जवळचे यंत्र हवे असेल तर आपण कोठून विचारतो हे थोडे उघड करावे लागते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण गोपनीयतेचा पुढचा सगळा विचार त्यावर अवलंबून आहे. आयपी पत्ता म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, असे सर्रास म्हटले जाते. ते निम्मेच खरे आहे. माझ्या छपाईयंत्राचा पत्ता १९२.१६८.१.५ आहे, आणि हाच पत्ता या क्षणी जगातील असंख्य घरांतल्या कोणत्या ना कोणत्या उपकरणाला मिळालेला असेल, कारण १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि ते घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाहीत. बाहेरच्या जगाला घरातील सगळी उपकरणे राउटरच्या एकाच पत्त्यामागे दिसतात. चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकूण ४२९ कोटींच्या आसपास, आणि त्यांचे शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. त्यामुळे अनेक ठिकाणी आता कितीतरी ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला जातो. उलट दिशेनेही तेच. ८.८.८.८ हा पत्ता कोणत्याही एका यंत्राचा नाही. एनीकास्ट या पद्धतीने तोच पत्ता जगभरातील अनेक ठिकाणांहून घोषित केलेला असतो आणि तुमचे पाकीट त्यांपैकी वाटेत सोयीच्या पडणाऱ्या ठिकाणी पोचते. नावांचेही असेच आहे: एका नावामागे अनेक पत्ते असतात आणि एका पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे नांदतात. पत्ता सांगतो ती जोडणीची जागा, आणि नाव सांगते ते कोणाच्या अधिकारात काय आहे ते. यंत्र या दोन्हींच्या आड असते.

मग रिझॉल्व्हरजवळ काय जमा होते? एखाद्या जागेवरून कोणकोणती नावे पुकारली गेली, याची यादी. आणि ही यादी फार बोलकी असते. कोणत्या आजाराची माहिती पाहिली जाते, कोणत्या बँकेत खाते आहे, घरातले लोक केव्हा झोपतात, हे सगळे तिच्यातून वाचता येते. गूगल पूर्ण पत्त्यासह असलेली तात्पुरती नोंद २४ ते ४८ तासांत पुसते, मात्र ओळख वगळून केलेल्या काही नोंदी कायम ठेवते. क्लाउडफ्लेअरचे धोरण विचारणाऱ्याचा पत्ता डिस्कवर न लिहिण्याचे आणि नोंदी २५ तासांच्या आत पुसण्याचे आहे. क्वाड-नाइन विचारणाऱ्याचा पत्ता नोंदवतच नाही, आणि २०२१पासून ही संस्था स्वित्झर्लंडमधून, तेथील गोपनीयता कायद्याच्या कक्षेत काम करते. शेवटी ही सगळी वचनेच आहेत. पण ज्या कंपनीचा मुख्य व्यवसाय जाहिरातींचा आहे तिच्या वचनापेक्षा, जिला विकण्यासारखे काही नाही तिच्या वचनावर मी अधिक भरवसा ठेवते.

वाटेत ऐकणाऱ्यांचे काय, हा वेगळा प्रश्न. केवळ आकडे बदलले तर प्रश्न पूर्वीप्रमाणेच ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून उघड्या पोस्टकार्डासारखे जातात, आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी ते वाचू शकते, इतकेच नव्हे तर परस्पर उत्तरही देऊ शकते. पाकीट चिकटवायचे असेल, म्हणजे प्रश्न कूटबद्ध करून पाठवायचे असतील, तर डीएनएस-ओव्हर-टीएलएस किंवा डीएनएस-ओव्हर-एचटीटीपीएस सुरू करावे लागते. तिन्ही सेवा दोन्ही प्रकार देतात. अँड्रॉइड ९पासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आलेला आहे, आणि त्या रकान्यात आकडे चालत नाहीत, नाव लिहावे लागते. नावांचे पत्ते शोधणाऱ्याचा पत्ता आधी नावावरून शोधायचा, ही गंमत आहे खरी. फोन त्या एका प्रश्नासाठी जुन्याच सर्व्हरची मदत घेतो. हा पर्याय लावल्यावर काही सार्वजनिक वायफायची प्रवेशपाने उघडत नाहीत, कारण तीही ‘चुकीचे उत्तर देऊन आपल्या पानावर आणणे’ याच युक्तीवर चाललेली असतात. अशा ठिकाणी पर्याय तात्पुरता बंद करावा लागतो. मला तो पुन्हा सुरू करण्याचे विस्मरण दोनदा झाले. कार्यालयाच्या अंतर्गत नावांचेही तसेच: ती बाहेरच्या कोणत्याही सेवेला ठाऊक नसतात, त्यामुळे कार्यालयाच्या लॅपटॉपवर हे प्रयोग करू नयेत.

एका गोष्टीत गूगल आणि क्लाउडफ्लेअर यांना स्वतंत्र गुण द्यायला हवेत. माझे स्वतःचे एक लहानसे संकेतस्थळ आहे. या परीक्षणाच्या काळातच ते एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले, तेव्हा मला नवे पान दिसत होते आणि काही वाचकांना जुनेच. याचे कारण उत्तरासोबत येणारी मुदत, म्हणजे टीटीएल. ती संपेपर्यंत रिझॉल्व्हर जुनाच पत्ता सांगत राहतो, आणि मी ती एक दिवसाची ठेवलेली होती, हा दोष सर्वस्वी माझा. हलवण्याच्या आधीच ती पाच मिनिटांवर आणायला हवी होती. या दोन्ही कंपन्यांनी मात्र कोणालाही वापरता येईल असे पान ठेवले आहे, ज्यावर नाव लिहिले की त्यांच्या साठ्यातील जुने उत्तर पुसले जाते. ज्यांना संकेतस्थळ सांभाळायचे आहे त्यांनी ही पाने खूण करून ठेवावीत.

विश्वासार्हतेत तिन्ही उत्तम आहेत, पण अभंग कोणीच नाही. १४ जुलै २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरच्या अंतर्गत मांडणीतील चुकीमुळे १.१.१.१ जगभर सुमारे ६२ मिनिटे अदृश्य झाली होती. हाच आकडा २०१८ साली सेवा सुरू होतानाही वादाचा ठरला होता, कारण लिहायला सोपा म्हणून अनेक उपकरणांनी तो ‘कोणाचाच नाही’ असे गृहीत धरून आपल्या आतल्या कामांना वापरून टाकला होता. अशा जुन्या राउटरमागे ही सेवा पोचतच नाही. तसे झाल्यास १.०.०.१ वापरून पाहावा.

माझी निवड सांगते. तांत्रिक कामासाठी, जिथे प्रत्येक उत्तर जसे आहे तसे हवे, तिथे मी लॅपटॉपवर १.१.१.१ ठेवलेली आहे. चित्रफिती अडखळत असतील आणि गोपनीयतेची विशेष चिंता नसेल, त्यांना ८.८.८.८ सोयीची. घरच्या राउटरवर मात्र, जिथे कोणीही कोणत्याही दुव्यावर बोट ठेवू शकते, तिथे ९.९.९.९ कायम केली आहे. तिच्या ‘नाही’मधले ते हितकारक असत्य मला खटकते, पण ते कोणत्या परिस्थितीत बोलले जाते हे मला आधी सांगितलेले आहे. कोठार बंद असले की बॅकअपचा प्रोग्रॅम आता ‘या नावाचे यंत्र सापडले नाही’ असे स्पष्ट सांगतो.

राउटरमध्ये आकडे भरताना दोन ठिकाणी चूक होते. जोडणीला सहाव्या आवृत्तीचे (आयपीव्ही६) पत्ते मिळत असतील, तर त्यांचे डीएनएसचे रकाने वेगळे असतात. ते तसेच सोडले तर बरेच प्रश्न जुन्या सर्व्हरकडेच जात राहतात. आणि पर्यायी सर्व्हरच्या रकान्यात ‘असू द्या एक’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा आकडा टाकू नये. पहिला बंद पडला तरच दुसऱ्याला विचारले जाते, हा समज बरोबर नाही. उपकरणे दोघांनाही हवे तेव्हा विचारतात, आणि मग एकाने अडवलेले नाव दुसरा उघडून देतो. ९.९.९.९ घेतली असेल तर दुसऱ्या रकान्यात तिचाच १४९.११२.११२.११२ हा पत्ता लिहावा.